ओटीवरून पाहिलेलं घर

७ नोव्हेंबर १९५६
भाऊबीज झाली. ठकूला आज परत मतिमंदांच्या गृहात पोचवायचं होतं. बत्तीस वर्षांची घोडी झाली तरी माझी ही बहीण चार वर्षांचीच. लुगडं बदलताना ओच्यात भाताचा गोळा सापडला. "कशाला गं?" तर म्हणाली, "मागाहून खायला." माझ्या घरात तिला कधी मागाहूनची काळजी नव्हती. आई गेल्यावर तिला गृहात ठेवलं, त्याला सहा महिने झाले. हे तिथलंच शिक्षण.
सोडून आले.

१४ नोव्हें.
गृहावर देखरेख करणाऱ्या आमच्या समितीची भेट. वकीलसाहेब (अध्यक्ष), डॉक्टर आणि मी. आठवड्याआधीच निरोप गेला होता. न सांगता जाणं म्हणे शोभत नाही. गृह म्हणजे ते चालवणाऱ्या गोपाळरावांचं राहतं घर, तेव्हा आम्ही तपासनीस कसले, पाहुणेच. ओटीवर झोपाळा, पोहे, कोकमाचं सरबत. ओटीपुढच्या खळ्यात गृहातली सगळी धुतल्या कपड्यांत ओळीनं उभी. आरती म्हटली. ठकूनं मला पाहून टाळ्या पिटल्या. पलीकडच्या खाडीवरच्या तांडेलांचा याकूब, एवढा थोराड गडी, तोही डोलत होता.
मी म्हटलं, स्वयंपाकघर बघू. सगुणाबाई, गोपाळरावांची मंडळी, दारातच उभ्या. "सोवळ्यात आहे हो बाई."
वकीलसाहेब मला दबक्या आवाजात, "अहो, दुसऱ्याच्या घरात असं..."
झालं. शेरा पडला: व्यवस्था उत्तम. वर्षभर आम्ही ओटीच तपासतोय.

१८ नोव्हें., रविवार
सोवळ्याचं कुलूप सोवळ्यानंच उघडतं. सकाळी निरोप न देता गेले, त्यांच्याच विहिरीवर दोन कळशा अंगावर ओतल्या आणि ओलेत्यानं थेट चुलीपाशी. सगुणाबाई बाजूला सरल्या.
चुलीवर पेज. वरून नुसतं पाणी, शितं हुडकावी लागत होती.
मागे गोठ्याची पडवी. ठकू खांबाला बांधलेली. पायाला दोर, आणि काचू नये म्हणून दोराखाली मऊ फडकं गुंडाळलेलं. ते फडकं बघून मला जास्तच रडू आलं. शेजारी याकूब, मुसलमानाचा म्हणून करवंटी वेगळी, बसायला गोणपाट. त्याला घरात घेतच नाहीत. मला बघून तो आरती म्हणायला लागला. भेट आहे असं वाटलं असेल.
सगुणाबाई रडल्या. "ही मेली सारखी विहिरीकडे धावते हो. एकटीनं किती जणांमागे पळू? तुम्ही येणार म्हटलं की आठवडाभर आधी धुणी काढते मी." खोटं बोलत नव्हत्या. हातांना घट्टे पडलेत.
तरी दोर तो दोरच. सोडला. ठकूला घेऊन आले. याकूब खळ्याच्या टोकापर्यंत मागे आला.

२५ नोव्हें.
बैठक. सगळं सांगितलं. मागणं दोनच: हाताखाली दोन बायका द्या आणि भेट न कळवता द्या. डॉक्टर खाली बघत होते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ज्या घरचं पाणी प्यायलात..." मी म्हटलं, प्यायले नाही, अंगावर ओतलं. हसायला कुणी तयार नव्हतं.
गोपाळराव उभे राहिले. "बायकोच्या चुलीपर्यंत आलात. आता माझ्या घरात कुणी नको. ज्यानं त्यानं आपलं माणूस न्यावं." आणि निघून गेले.
मला बंद करायचं नव्हतं. हे मी चारदा म्हटलं. कुणाला म्हटलं, देव जाणे.

२ डिसेंबर
माणसं न्यायला घरची मंडळी आली. हेदवीचे एक आजोबा मुलीला घेऊन गाडीत बसले. एकाच्या भावाला निरोप तीनदा गेला, तो आलाच नाही.
याकूबचे वडील धक्क्यावर भेटले. "बाय, तुमी वाईट केलात असा नाय. पन हितं याच्या डोक्यावर सावली होती. मी होडीवर गेलो की याला कोन बगनार? सून आताच नाक मुरडते." राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

११ डिसें.
शेजारच्या यमुनावहिनींनी आठवडाभर सांभाळलं. आज हात जोडले. काल ठकू विहिरीच्या कठड्यावर चढून खाली वाकली होती. "माझ्याच्यानं नाही व्हायचं बाई, माझी छाती अजून धडधडतेय." त्यांचं काय चुकलं?
शाळेत रजा मागितली, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, होती नव्हती ती रजा संपली. नोकरी गेली तर आम्ही दोघी खायचं काय?

१३ डिसें., गुरुवार
आज बाहेरून कडी लावली.
ठकूपुढे चुरमुरे ठेवले, पाणी ठेवलं, खिडकी उघडी टाकली. "ताई, कडी नको," म्हणाली. कडी म्हणजे काय ते तिला बरोबर कळतं. मी पाठ फिरवली आणि चालू लागले. दिवसभर मुलींना नद्या शिकवल्या, एकही धड आठवत नाही.
परत आले तर पायरीवर याकूबचे वडील बसलेले. आतून ठकू दारावर थापा मारत होती. किती वेळ, ते त्यांना माहीत. मी त्यांच्यासमोर कडी काढली. त्यांनी बघितलं आणि टोपी सारखी करत खाली मान घातली.
मग म्हणाले, "बाय, हिच्या सोबतीला माझा याकूब ठेवाल? तुमच्या नजरेखाली असंल."
मी ठकूला पोटाशी धरून उभी. माझ्या नजरेखाली! ती नजर अकरा ते पाच शाळेत असते, हे त्यांनी आत्ताच पाहिलं ना? तरी विचारतायत.
"उद्या नमाज झाली की घेऊन येतो," म्हणाले आणि उतरले.
मला नाही म्हणता आलं नाही. हो पण म्हटलेलं नाही.