निवडलेले झिंगे

नगर, १२ नोव्हेंबर १९९८

कचरूदादा, जय भीम.

तुझ्या तळ्यातले झिंगे मेले, ती चूक माझी आहे. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच लिहायला हात धजतोय.

जूनमध्ये तू त्यांतले काही आमच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेस. सोबत चिठ्ठी होती: "सीमे, तुझ्याकडं द्यायचे म्हनून टवटवीत तेवढेच निवडलेत. काठाला मरगळून पडलेले प्रवरेत सोडले."

अरे, मला तेच हवे होते! रोग त्यांच्यातच आधी सापडतो. पण बहिणीला खराब जिन्नस पाठवायचा नाही, हा तुझा स्वभाव. चिठ्ठी वाचून मला भरून आलं, आणि दुसरे पाठव असं म्हणवेना. निवडलेल्यांत विषाणू सापडला नाही. मी 'लागण नाही' लिहून मोकळी झाले. महिन्याभरात तुझं तळं पांढऱ्या ठिपक्यांच्या मेलेल्या झिंग्यांनी भरलं.

आता तू म्हणतोस, प्रवरा नदीतले धरून पुन्हा सुरुवात करू, नदीचा माल निरोगी असतो. काल सुमनवहिनी बेलापूरहून त्या झिंग्यांचा डबा घेऊन आली. "लई निवडून दिलेत ह्यांनी," म्हणाली. तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं.

मग सगळ्यात दणकट झिंगा आधी तपासला. दादा, त्याच्यात विषाणू आहे. सगळ्यांत आहे. या वेळी मरगळलेले मागवायची गरजच उरली नाही.

उद्या तुला छापील अहवाल टाकेन. त्यावर 'लागण आहे' एवढंच असेल. नदीत ती कुठून आली, ते मी लिहिणार नाही.

तुझी,
सीमा