नथूला मारू नका

कराची बंदर

तीर्थरूप आबांच्या पायाशी अंबाजीचा दंडवत. मी खुशाल आहे, काम बरं चाललंय.

वडिवळ्याचा हौशीराम हितं आला, तो म्हणाला, “तुझ्या नथूला आबांनी बांधून शाळेत नेलं, गुरुजींनी फोकानं पाठ फोडली.” मलाबी तसंच नेलं होतंत. मी गुरुजींच्या मनगटाला कडकडून चावलो, त्यांनी माझ्या डोक्यात पाटी फोडली. म्हणून मी दुसरीतनंच पळालो.

आठ दिवस नथूच्या आईला शाळेच्या ओट्यावर बसू द्या. रडला तर गूळ द्या. पोराला ताप न्हाई ना आला?

तुमाला पत्र गुरुजीच वाचून दाखवतात. तर गुरुजी, ही ओळ गाळू नका. नथूवर परत हात उचललात, तर दिवाळीला येऊन तो हात मोडीन.

तुमा दोघांलाबी दंडवत.

तुमचा अंबाजी