गावातल्या एकमेव प्रेक्षकाची अडचण

प्रति,
मा. कला महोत्सव अधिकारी,
विभागीय सांस्कृतिक कार्यालय (जिन्याखालची खोली)

विषय : महोत्सवात एकदाच नापसंती दाखवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले 'घर तिथे कलाकार' हे परिपत्रक.

महोदय,

उपरोक्त परिपत्रकाला आमच्या गावात कमालीचे यश मिळाले असून आता प्रत्येक घरात कलाकार आहे. काही घरांत तर दुसरे कोणी उरलेलेच नाही. प्रेक्षक म्हणून मी एकटा शिल्लक आहे. मला काहीच येत नाही, असे आपल्याच निवड समितीने लेखी कळवले होते.

१. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुकान बंद झाले की थेट सभागृहात येऊन पहिल्या रांगेत बसतो आणि प्रत्येकाला 'वा' म्हणतो. गर्दी वाटावी म्हणून मधूनमधून जागाही बदलतो.

२. हे औदार्य नसून नाइलाज आहे. दातांचे डॉक्टर कविता वाचतात आणि माझी दाढ त्यांनी अर्धीच कोरून ठेवली आहे. शिंपी मूकनाट्य करतो. माझी पँट त्याच्याकडे आहे. आई एकपात्री प्रयोग करते आणि जेवायलाही तीच वाढते.

३. औषधांच्या दुकानातली मुलगी नृत्य करते. ते मला खरोखर आवडते. तसे सांगून मी तिला लग्नाचे विचारले. ती म्हणाली, "तुझ्या मामाच्या जादूत कबुतर उडून गेलं ते परत आलंच नाही, तेव्हाही तू उभा राहून टाळ्या पिटत होतास. तुझ्या 'वा'चं मी काय करू, उशाला घेऊ? आधी एकदा तरी कुणाला तरी 'नाही आवडलं' म्हणून दाखव, मग ये."

हे आईच्या कानावर घातले. ती म्हणाली, "माझ्यापासून सुरुवात करून तर बघ."

४. सबब, ज्यांच्याकडे माझे काहीही अडकलेले नाही आणि ज्यांची लवकरच बदली होणार आहे, अशी गावात एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे आपण. समारोपाला आपले बासरीवादन असून त्यानंतर लगेच तिचे नृत्य आहे, म्हणजे ती पडद्याआडून पाहत असेल. तरी आपले वादन चालू असताना मला उठून बाहेर जाण्याची परवानगी मिळावी. न विचारता उठणे माझ्याच्याने होणार नाही. पहिल्या रांगेतली करकरणारी खुर्ची मी हेरून ठेवली आहे. मी गेल्यावर सभागृह रिकामे होईल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. नृत्याला मी परत येणार आहेच.

५. गेल्या वर्षी आपल्याला म्हटलेला 'वा' या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

आपण यंदा रियाज वाढवल्याचे आपल्या शिपायाकडून समजले, त्यामुळे धास्तावलो आहे. वादन चुकून चांगले झाले तर माझा पाय निघणार नाही आणि लग्न राहून जाईल. तरी कृपया नेहमीसारखेच वाजवावे.

आपला, खुर्चीत असेपर्यंत नम्र,
(सही)
प्रेक्षक

दिनांक : समारोपाआधीचा सोमवार

सोबत :
'काहीच येत नाही' हे समितीचे पत्र
दोन्ही तळहातांना सूज असल्याचा दाखला