व्हॉइस नोटवरचं आवतन

१४ ऑगस्ट
संकल्प: यंदाचा पोळा अस्सल. दोन वर्षांपूर्वी तालुक्याला गोरेगावच्या बाजारात बैल विकून ट्रॅक्टर घेतला, संस्कृती नाही विकली. हाडाचा शेतकरी आहे. आपला बैल अंधारातही ओळखेन. बायको प्रेमिला म्हणाली, गोठ्यात ट्रॅक्टर, मंग पोळा कायले करून राहिले?
तिचा नेम: बैलांनी तिच्या हातची पुरणपोळी खाल्ल्याशिवाय जेवायचं नाही. सव्वीस वर्षं पाळलाय. गेल्या साली शेजारच्या केशोरावांच्या बैलांवर भागवलं. यंदा त्यांनीही ट्रॅक्टर घेतला. सल्ला माझाच.

१७ ऑगस्ट
पंचक्रोशीत जोडी एकच, पलीकडच्या गावच्या सेवकरामची. खाटेवरूनच बुक केली. फोटो आला: झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. डावा मरतुकडा. उजव्याची नजर वाईट. आमच्या विकलेल्या चांद्या-कबऱ्याची सर नाही. चालवून घेऊ.

२१ ऑगस्ट
पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून आवतन द्यायची रीत. पण रस्त्यात चिखल. व्हॉइस नोट पाठवली: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सेवकरामने मोबाईल बैलांच्या कानाला लावला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे रीत पार पडली. तो सांगत होता, आवाज ऐकताच दोघांनी चारा सोडला, मोबाईल चाटला. आवाजात वजन लागतं.

२२ ऑगस्ट, दुपारी २
ग्रुपवर ‘परंपरा टिकवा’ टाकलं. एकसष्ट अंगठे. सगळ्यांनी तीच जोडी बुक केली आहे. आमचा नंबर चौदावा. प्रेमिला उपाशी. तिला धीर दिला. मी थोडा चिवडा खाल्ला, धीर द्यायलाही ताकद लागते.

संध्याकाळी ७
बैल आले. तेरा घरचं खाऊन तट्ट. पोळी हुंगली, तोंड फिरवलं. मी म्हटलं, वळणच नाही, भाड्याचे ते भाड्याचेच.
प्रेमिलाने डाव्याचं बाशिंग वर सरकवलं. कपाळावर पांढरा चांद. चांद्या म्हणून हाक मारली आणि रडायलाच लागली. दोघांनी तिच्या हातची पोळी खाल्ली, वर ओंजळही चाटली. मग सरळ गोठ्यात शिरले आणि ट्रॅक्टरला शिंगं लावून उभे राहिले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातला मोबाईल तेवढा हुंगला.
प्रेमिला जेवली. माझं ताट दिसेना. विचारलं तर म्हणाली, मोबाईल पाहा.
पाहिला. तिची व्हॉइस नोट: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.