धाकटीच्या नावचं पाकीट

३ मार्च

निकाल आले! दोन पाकिटं. माझा उजवा डोळा भिंगाने अजून वाचतो. धाकट्या बहिणीला आता अक्षर दिसत नाही. म्हणजे वाचणार मीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "म्हातारपणी डोळ्याचा पडदा झिजतो. पण सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. रक्तातून जनुकं तपासू, मग ठरवू कुणाला काय द्यायचं."

धाकटीचं — नवं औषध चालेल. महिन्याला एक इंजेक्शन. नजर टिकेल, थोडी सुधारेलही. उशीर करू नका.

माझं — सध्याच्या कुठल्याच औषधाचा उपयोग होईलसं वाटत नाही.

एकाच आईबापाच्या पोरी आम्ही! गोवर दोघींना आला होता, आई उशाशी बसली ती हिच्याच.

"ताई, काय लिहिलंय गं?"

"दोघींनाही काही चालत नाही म्हणे."

आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

४ मार्च

रडली. स्वतःसाठी नाही — "तुझं तरी व्हायला हवं होतं गं." अंगाची लाहीलाही झाली. चांगुलपणातही हीच पुढे!

१९ मार्च

दवाखान्यातून फोन. "तुमच्या बहीण आल्या नाहीत?" म्हटलं, लेकीकडे गेलीय. तेवढ्यात आतल्या खोलीत ती कपाटावर आपटली. "आई गं!" मी फोन ठेवून दिला.

८ एप्रिल

तिची खुर्ची हातभर सरकवून ठेवली. का, ते माहीत नाही. माहीत आहे. बसायला गेली नि धाडकन पडली. "माझंच चुकलं," म्हणाली. मी तिला हात देऊन उठवलं. मनगट काळंनिळं झालंय.

१० एप्रिल

मनगटाला बर्फ लावून दिला. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं, ताई!"

२ जून

माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध राखाडी डाग. भिंगानेही वाचता येत नाही. तिला सांगितलेलं नाही. अंदाजाने लिहितेय, ओळीवर ओळ चढत असेल.

११ जुलै

लिहायला बसले तर धाकटी समोर येऊन बसली. चेहरा दिसेना, नुसता आवाज.

"एप्रिलअखेर दवाखान्याचा फोन मी उचलला होता, ताई. शेजारणीबरोबर फिरायला जाते म्हणायचे ना, ते तिकडेच. तीन इंजेक्शनं झाली."

मी मान वर केली नाही. लिहीत राहिले.

"शाई संपत आलीय तुझी. कालपासून अक्षर पुसट उमटतंय. त्याच्या आधीचं सगळं वाचलं मी."