डब्यातले जोंधळे

२६ नोव्हेंबर २०१७, रविवार

ओव्हन आला घरात! विकतचा नाही, कुणाचा तरी. मुग्धा म्हणते, "मैत्रिणीच्या आईचा आहे आजी, त्या वापरत नाहीत."

कोणती मैत्रीण?

"आहे एक."

आहे एक म्हणजे काय गं? तिच्या मैत्रिणी मला नावानिशी ठाऊक. उदगीरची, देवणीची, ती धर्माबादची चष्मेवाली. ह्यातल्या एकीच्याही घरी ओव्हन पडून असेल असं वाटत नाही. नातीनं डॉक्टर व्हायचं म्हणून शिवशंकरनं लातूरला ह्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या आणि गावाकडून मला तिच्यासोबत धाडलं. ह्या गल्लीत घरोघर अशीच एखादी आजी, नाहीतर आई. पोरं क्लासला, बायका चुलीपुढं. "आई, तिच्यावर नजर ठेव," एवढंच म्हणाला. माझं पोरगं बोलतं कमी, पण बोललं की बोललं. काही वेडंवाकडं कानावर गेलं तर पोरीची ट्रंक उचलून सरळ निलंग्याच्या यष्टीत बसवील. मग कुठली परीक्षा आणि कुठलं काय.

म्हणून नजर ठेवते.

ओव्हन जमिनीवर ठेवलाय, भिंतीपासून लांब. भूकंपापासून मी डोक्याच्या वर जड काही ठेवू देत नाही. लोक हसतात. हसू देत.

२८ नोव्हेंबर

आज फळाच्या वड्या केल्या. मुग्धा त्यांना "फ्रूट बार" म्हणते. मोबाइलात बघून एकेक सांगत होती, मी करत होते. आधी ओट्स कोरडे भाजले. (ओट्स म्हणजे घोड्याचा खुराक, पण भाजताना वास चांगला सुटतो, लाह्यांसारखा.) जाडसर भरडले. त्यात कणीक, गूळ, थंड लोणी घालून कालवलं. त्यातलं निम्मं ताटात थापलं. गोलाईच्या बाजारातनं पेरू आणले होते, ते शिजवून, बिया गाळून, साखर-लिंबू घालून आटवले, ते वर पसरले. उरलेला चुरा त्यावर भुरभुरला. की दिलं ताट ओव्हनमध्ये ढकलून!

गरम होत्या तेव्हाच कापायला गेले तर सगळा भुगा. "निवू द्यायच्या असतात गं," म्हणाली. आधी सांगायला काय झालं होतं!

पण चव — काय सांगू. खाली खुसखुशीत, मध्ये मऊ, वर कुरकुरीत. कोण्या पठ्ठीनं शोधून काढलं कुणास ठाऊक.

१ डिसेंबर

डबाभर नेल्या, डबा रिकामा आला. एवढीशी पोर एवढं खाते? मग अंगाला का लागत नाही?

५ डिसेंबर

आज दुपारी खालची शिवकन्या वर आली. घरमालकीण. पदर खोचून, आवाज खाली.

"आजी, राग नगा मानू. तुमची नात फोनवर बोलत हुती जिन्यात. म्हनत हुती — उद्या बार घिऊन येते. बार! आमच्या गल्लीत असलं चालत न्हाई बगा."

दारूचा बार? माझी नात? मग उजेड पडला डोक्यात. तिला वडी खायला दिली. म्हटलं, "हा घे बार. पी बसून."

लई हसली. दोन खाल्ल्या, एक लेकराला नेली. पण गेल्यावर मी बसून राहिले. वडीचं नाव कळलं — पण घेऊन कुणाला जायची? ते कुठं कळलं? वरद म्हणून एक पोरगा आहे बॅचमध्ये. त्याचं नाव दोनदा आलंय जेवताना. हसून आलंय.

पाणी कुठंतरी मुरतंय.

६ डिसेंबर

डबा घासून आलाय!! राखेनं घासल्यासारखा लखलखीत, वरून पुसलेला. मुग्धा आपलं ताट उचलत नाही, ती डबा घासणार? आणि तो वरद घासणार? कुठला पोरगा डबा घासतो मेला!

९ डिसेंबर

आज पेरूत काय घालावं म्हणून मुग्धाला विचारलं. मनात भीती, ही आता वेलची म्हणणार. गोडाला सगळं जग वेलची घालतं. मला वेलचीच्या वासानं मळमळतं, लताच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून. पण लोक खोडी म्हणतात, म्हणून मी कधी बोलले नाही. कुणी विचारलं तर "महाग झाली" म्हणते. शिवशंकरलासुद्धा ठाऊक नाही.

तर ही न विचारता म्हणते, "वेलची नको. जायफळ किसून घाल, जरासंच."

"कोण म्हणतंय?"

"मोबाइलमध्ये सांगितलंय."

मोबाइलमधल्या बाईला माझं पोट कसं ठाऊक?

लताला तेवढं ठाऊक होतं. लिहिलं नाव. पान काही फाटलं नाही.

लता माझी थोरली. भूकंपात घर पडलं, माणसं वाचली. माझा उजवा हात दगडाखाली सापडला, दोन बोटं कायमची ताठ झाली. मग पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. ते शेड उभारायला पंढरी म्हणून एक पोरगा आला होता. परक्या जातीचा, पण कामाचा. लता त्याच्याबरोबर गेली. ह्यांनी गावात सांगितलं, "मुलगी भूकंपात गेली समजा." शिवशंकर शाळेत होता तेव्हा. त्यानंही ताईची दप्तर-पुस्तकं उचलून बाहेर टाकली. मी पाटी तेवढी लपवली. त्याच पाटीवर लतानं मला अक्षरं शिकवलेली — ती अभ्यास करायची, मी भाकरी थापता थापता बघायची. आज ही वही लिहिते ती तिच्यामुळं.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. वाटलं, आता शिवशंकर नाव काढील. त्यानं काढलं नाही. मीही नाही. त्याचा स्वभाव बापावर गेलाय.

१४ डिसेंबर

लोणी चोळायला बोटं वळत नाहीत, चुरा गोळा-गोळा होतो. आज मुग्धा म्हणाली, "लोणी गोठवून किसणीवर किस, आजी. चोळावंच लागत नाही. ती म्हणाली."

"ती कोण?"

"ती... मोबाइलवाली."

आणि कान लाल.

किसून बघितलं. चुरा असा पडला जसा भरडलेला हरभरा! खुश व्हावं की घाबरावं?

वरदवरचा माझा संशय उतरला. पोरगा किसणी सांगत नसतो. बाई आहे. आणि रांधणारी बाई आहे. कोण? ओव्हन देते, डबा घासून देते, माझ्या नातीकडून रोज वड्या घेते. काय पाहिजे तिला? एकट्या पोरींना गोड बोलून नादी लावणाऱ्या बाया शहरात असतात, पेपरात येतं. जिवाला घोर लागलाय.

२१ डिसेंबर

आज मुद्दाम खालचा थर करपवला. अन्नाची नासाडी करताना हात धजत नव्हता. पण चोर पकडायचा तर सापळ्यात भाकरी लावावीच लागते. कापून, करपलेली बाजू खाली करून, डब्यात नीट रचली. वरनं बघणाऱ्याला कळू नये.

मुग्धाला दाखवलंच नाही. "गडबड आहे, झाकण उघडू नको, भुगा होईल," म्हटलं.

२२ डिसेंबर

आज चहा पिताना, अगदी सहज, खिडकीबाहेर बघत:

"आजी, खालचा थर आधी एकटाच जरा भाजून घे, फळ मग पसर. आणि ताट वरच्या खाचेत सरकव. खालून करपत नाही मग."

मी कप खाली ठेवला. "मुग्धे, मोबाइलला डोळे फुटले काय गं? करपलेलं त्याला कसं दिसलं?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी. मला ओरडायचं होतं, ओरडवेना. पाणी बघितलं की मी संपले.

म्हटलं, "नको सांगू. नाव नको सांगू. तू वाईट वाटेला नाहीस ना?"

मान हलवली. जोरजोरात.

"मग जी कोण आहे तिला माझा निरोप सांग. म्हणावं, वडी खातीस, शहाणपण शिकवतीस, आणि परक्याचा डबा रिकामा धाडतीस? कोणत्या घरची रीत ही?"

२३ डिसेंबर

डबा आला. मुग्धा माझ्यापुढं ठेवून आत निघून गेली.

मला वाटलेलं, साखर असेल. जग साखरच घालतं चिमूटभर.

जोंधळे होते. चिमूटभर पांढरे जोंधळे, तळाशी.

रिकाम्या डब्यात जोंधळे घालायची रीत सबंध पंचक्रोशीत आमच्या एकट्या घराची. सासूबाईंची. "साखर विरघळती, जोंधळा उगवतो," म्हणायच्या. मला त्यांनी शिकवलं, आणि मी एकीलाच शिकवलं. सून आली तोवर स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या — तिला कधी सांगितलंच नाही.

वेलची. बोटं. किसणी. जोंधळे.

जमिनीवरच बसले. ओव्हनला टेकून. गार होता.

२४ डिसेंबर

काहीच लिहवत नाही. मुग्धाही काही विचारत नाही. दोघी जेवलो.

२ जानेवारी २०१८

शिवशंकरचा फोन. "आई, संक्रातीला येतो मी. मुग्धाचं बरं चालू हाय न्हवं?"

"हाव, बरं हाय."

"नजर हाय न्हवं तुझी?"

ह्यानं असं का विचारलं? शिवकन्या काही बोलली असेल का फोनवर? बारचं सांगितलं असेल का? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही!

ह्याला कळलं तर? पोरीला परीक्षा तोंडावर असताना गावी नेईल. आणि लता — ती आता हाताशी आलीय, ती पुन्हा जाईल. एकदा गेली तेव्हा हे होते, शब्द मोडायची माझी छाती नव्हती. आता पोराची भीती. बाईचा जन्म नवऱ्याच्या धाकातनं पोराच्या धाकात, नुसता पोत्यासारखा जातो.

ओव्हन सणाआधी कुठं लपवावा?

५ जानेवारी

शिवकन्येला आडून विचारलं. म्हणाली, "माझ्याकडं कुठंय तुमच्या ल्योकाचा नंबर, आजी?" खोटं बोलत असेल तर चांगली बोलते.

मुग्धा काल मोबाइलवर हळू आवाजात "बाबा" म्हणाली. मी आत गेले तर अभ्यासाचं बोलायला लागली. आता हिच्यावरही संशय! बापाला सांगतेय का काय सगळं?

८ जानेवारी

बोरं आलीत. पेरू संपले. बोरं शिजवून, बिया काढून केल्या वड्या. जरा आंबटसर. लताला बोरं आवडायची. शेडात असताना खिसाभर आणायची.

१० जानेवारी

ठरवलं. व्हायचं ते होवो.

दोन डबे भरले. एकात वड्या. दुसऱ्यात खण, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि ओंजळभर गहू. लेकीची ओटी राहिलीय. लग्नाची राहिली, पहिल्या सणाची राहिली, सगळ्याच राहिल्या. ओट्सची ओटी म्हटलं तरी चालेल! एकटीच हसले.

मुग्धानं दुसरा डबा उघडून बघितला. मला मिठी मारली, नाक माझ्याच पदराला पुसलं.

"बापाला सांगू नको," म्हटलं.

ती काहीतरी बोलायला गेली. मी बोलू दिलं नाही. क्लासला उशीर होत होता.

११ जानेवारी

डबा आलाच नाही. मुग्धा म्हणते, "उद्या देते म्हणाली." का? चुकलं का माझं काही? खण नको होता का?

१२ जानेवारी

आजही नाही. दारात उभी राहून पाय भरून आले.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी शिवशंकरचा फोन. यष्टीतनं. "आई, दुपारच्याला पोचतो. दोघं येतो."

"सूनबाई येतीय? घर कोण बघणार?"

"सूनबाई न्हाई. ताई. स्टँडवरनं तिला घिऊन येतो."

मला ऐकू आलं ते मी दोनदा विचारलं.

म्हणाला, आप्पा, म्हणजे हे, जाताना त्याला सांगून गेले होते — लताचं नाव आईपुढं काढू नको, तिला तोंड बघायचं न्हाई लेकीचं. पोरानं खरं मानलं. तो लताकडे जाऊन येतो, चार वर्षं. "ताई लातुरात हाय म्हणून तर मुग्धाला लातूरला घातलं आई. अन् तुला उगं धाडलं काय सोबत? म्हटलं, कधीतरी कुणीतरी बोलंल. आमी समदे तुलाच भिऊन होतो."

मला! मी ह्या सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते, आणि हे सगळे माझ्यावर!

वड्या ओव्हनमध्ये आहेत. आज चुरा किसला नाही, बोटांनीच चोळला. गोळे-गोळे झालाय. खाईल तशी.

डबा का आला नाही ते कळलं. लता हातानंच आणून देणार आहे.