माझं पडणं

१४ ऑक्टोबर

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद. आईचा खोकला गेला. खिडकीची कडी सुताराने बसवून दिली, आता वाऱ्याने आपटत नाही. माझे तलवारबाजीचे वर्गही चालू आहेत. खुर्चीत बसून शिकवते, तरी मुली पूर्वीइतक्याच घाबरतात.

तुझा गेम पोचला. बक्षिसाची बातमी आईने शेजारच्या काकूंना दोनदा वाचून दाखवली. तू लिहिलंस, 'ताई, खेळून बघच, नायिकेच्या प्रत्येक वारात तू आहेस.' खरंय. अंगभर हालचाल टिपणारे ते ठिपके चिकटवून तुझ्या हॉलमध्ये मी महिनाभर तलवार फिरवली होती. गेममध्ये बटण दाबलं की सगळं मंदावतं, पातं पाण्यातून जावं तसं सरकतं. माझंच मनगट मला नव्याने दिसलं. हरखून मी आईला हाक मारली.

मग नायिका मेली.

वार लागला आणि सगळं पुन्हा मंद झालं. तिचा उजवा गुडघा आत वळला, डावा हात काहीतरी धरायला हवेत गेला, आणि ती ओरडली. आई माझ्या मागे उभी होती.

"अगं, ही तर तू पडतेयस."

"खेळ आहे गं आई."

"आवाजही तुझाच आहे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

छोट्या, तुझ्या हॉलमध्ये तलवार फिरवताना मी पडले, त्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून तू म्हणालास, "ताई, ते चित्रीकरण मी पुसून टाकलंय. कुणी बघणार नाही." पुन्हा तलवार घेऊन उभं राहता येणार नाही, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. तेव्हा तुझा तेवढा शब्द मला पुरला होता.

तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परीक्षकांनी म्हणे त्या मरणाचंच जास्त कौतुक केलं, अंगावर काटा येतो म्हणाले. येणारच. मी पडले ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. तू ते लांबवलंस, आणि लोकांच्या हाती दिलंस.

समारंभाला व्यासपीठावर बोलावतोयस. मी येणार नाही. ते पडणं आधी गेममधून काढ. तोवर घरीही येऊ नकोस.

आईला विचारलं, "तुझे आशीर्वाद लिहू का?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं तू लिही."

ताई